न निघालेला फोटो

"बूट इथेच काढा," ओनोदेरा म्हणाला. "तातामीवर बूट चालत नाहीत. कोणाचेच."

आम्ही सगळ्यांनी दारातच बूट काढले. मांडवकरच्या पायात कोठडीतल्या तपकिरी प्लास्टिकच्या सपाता होत्या. कमरेला निळी दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक शिपायाच्या मुठीत होतं. तो वाकला, सपाता जोडून तोंड दाराकडे करून ठेवल्या आणि मग चटईवर पाय टाकला.

"बघा देबासुतारी-सान, सहा वर्षांत याला आमची शिस्त लागली," ओनोदेरा मला म्हणाला. माझं आडनाव देवस्थळी. ते त्याला कधी जमलं नाही, आणि मीही दुरुस्त करणं सोडून दिलं होतं.

मी ते वाक्य मराठीत सांगितलं.

"त्यांना सांगा, ताई," मांडवकर म्हणाला, "घरी चपला अंगणातच भिरकावायचो. आई रोज ओरडायची."

तेही मी जपानीत सांगितलं. शिपाई हसला. ओनोदेराही हसला. फोटोग्राफर कोमिने तिवई उभी करत होता, त्याने मान वर केली नाही.

ते ठाणं तोक्योच्या उत्तरेला एका लहान शहरात होतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर पोलिसांच्या सरावासाठी ज्यूदोचा हॉल होता. खिडक्या उंच, भिंतीवर खुंट्यांना जाड पांढरे सदरे, आणि गवती चटयांमध्ये मुरलेला जुना घाम. चटयांवर मधोमध निळं प्लास्टिक अंथरलं होतं आणि त्यावर पांढऱ्या टेपने एका कोठीघराची आखणी केली होती. इथे कपाट, इथे तांदळाची पोती, इथे दार.

खरं कोठीघर शहरातल्या एका भारतीय हॉटेलच्या मागे होतं. तिथे हॉटेलचा मॅनेजर जसपाल मरून पडलेला सापडला होता. शवविच्छेदनात पोटावर आणि बरगड्यांवर लाथांच्या खुणा निघाल्या. यकृत फाटलं होतं. बाळकृष्ण मांडवकर तिथला स्वयंपाकी, मूळचा गुहागरकडचा. जसपाल सगळ्या स्वयंपाक्यांचे पासपोर्ट आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवायचा, आणि त्या संध्याकाळी त्यावरूनच दोघांचं भांडण झालं होतं. भांडण सगळ्या किचनने ऐकलं होतं. लाथा मारताना कोणी पाहिलं नव्हतं.

जपानमध्ये आरोप न ठेवता पोलिस माणसाला तीन आठवडे आत ठेवू शकतात. चौकशीच्या वेळी वकील शेजारी बसू शकत नाही. ती मुदत त्या दिवशी संपत होती. मांडवकरने अजून काही कबूल केलं नव्हतं. संध्याकाळच्या आत सरकारी वकिलाच्या हाती काही ठोस पडलं तर खटला उभा राहणार होता, आणि त्या देशात खटला उभा राहिला की सुटणारे फार थोडे. नाही पडलं, तर त्याला सोडावं लागणार होतं.

मी पूर्वी अमरावतीच्या एका दैनिकात गुन्ह्यांच्या बातम्या करत असे. नवऱ्याच्या नोकरीमागे जपानला आले, भाषा शिकले, पोलिसांच्या दुभाष्यांमध्ये नाव घातलं. त्या प्रांतात मराठीची दुभाषी मी एकटीच होते. काम सोपं होतं. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं, काही न गाळता आणि काही न जोडता, दुसऱ्या भाषेत ठेवायचं.

त्या काळात जपानवर बाहेरून दडपण वाढत होतं. जिनिव्हातली मानवी हक्कांची एक समिती या कोठड्यांवर वर्षानुवर्षं ताशेरे ओढत होती, परदेशी वर्तमानपत्रं लिहीत होती. म्हणून या ठाण्यात चौकशीच्या खोलीत कॅमेरा बसला होता. दुभाष्यांचा नियमही कडक झाला होता. परदेशी माणूस मोडकंतोडकं जपानी बोलला तरी ते धरायचं नाही, दुभाषी सांगेल तेच त्याचं म्हणणं. पूर्वी असल्या मोडक्या जपानीवरून माणसं तुरुंगात गेली होती, तेव्हा नियम आरोपीच्या भल्यासाठीच होता. समितीची माणसं त्या आठवड्यात जपानमध्येच होती आणि दुसऱ्या दिवशी याच ठाण्याला भेट देणार होती. जिन्याला नवं पॉलिश केलं होतं. वर येताना हात चिकटत होता.

चौकशी करणारा अधिकारी ओनोदेरा रोज सकाळी त्या कॅमेऱ्यासमोर कमरेत वाकायचा. "सुप्रभात, जिनिव्हा." मग खुर्चीवर बसून जबाब लिहायला घ्यायचा. तिथला जबाब 'मी'ने सुरू होतो, पण लिहितो पोलिस. मी त्या संध्याकाळी रागात होतो. मी कोठीघरात गेलो. तो वाचून दाखवायचा, मी मराठीत सांगायचे, आणि मांडवकर म्हणायचा, "मी नाय." ओनोदेरा पान फाडायचा आणि नवं घ्यायचा. त्या खोलीत त्याने एकदाही आवाज चढवला नाही.

ज्यूदोच्या हॉलमध्ये कॅमेरा नव्हता. कोमिनेचा होता, पण तो शटर दाबलं तरच बघायचा.

"घाबरू नको," ओनोदेरा मांडवकरला म्हणाला. त्याने कोट काढला, घडी घातली, खुंटीखाली ठेवला. पन्नाशीचा आडवा माणूस, ज्यूदोने चुरगळलेले कान. "फक्त मोजमाप आहे. तुझी उंची, पायाची लांबी, पडलेल्या माणसापासूनचं अंतर. मी जसपाल बनतो. तू उभा राहा आणि पाय पुढे कर."

"मी त्याला मारला नाय," मांडवकर म्हणाला.

"मारलास असं कोण म्हणतंय? मारलं असतंस तर पाय कुठे आला असता, एवढंच."

"ही कबुली नाय ना?"

"नाही. मोजमाप."

मांडवकरने माझ्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत त्याचे गाल आत गेले होते. रात्रभर कोठडीत दिवा चालू असायचा आणि डोळ्यांवर हात घेतला की पहारेकरी जाळीवर काठी आपटायचा, असं त्याने मला सांगितलं होतं. मी तेही ओनोदेराला जपानीत सांगितलं होतं. तो म्हणाला होता, दिवा सुरक्षेसाठी आहे.

"मोजायचं तर मोजू दे," मांडवकर म्हणाला. "लवकर होऊ दे एकदाचं."

ओनोदेरा निळ्या प्लास्टिकवर कुशीवर आडवा झाला, गुडघे पोटाशी घेऊन, जसपाल जसा सापडला होता तसा. "ये. इथे. बरगडीवर."

मांडवकर पुढे झाला. त्याने उजवा पाय उचलला आणि ओनोदेराच्या सदऱ्यावर नुसता टेकवला. कोमिनेने शटर दाबलं. पाय खाली घेतल्याबरोबर मांडवकर वाकला, ओनोदेराच्या खांद्याला बोटं लावली आणि ती कपाळाला, छातीला नेली. शटर पुन्हा वाजलं.

ओनोदेराने डोळे उघडले. "हे काय केलं याने?"

"मला विचारताय?" मी म्हणाले.

"तुम्हालाच."

"आमच्याकडे कोणाला पाय लागला तर असा नमस्कार करतात. माणसाला, पुस्तकाला, धान्याला. लहानपणापासूनची सवय असते. हात आपोआप जातो."

"म्हणजे क्षमा मागतात."

"म्हणजे सवय असते."

"मेलेल्याला लाथ मारली आणि त्याची क्षमा मागितली."

"तुम्ही जिवंत आहात, ओनोदेरा-सान. तुम्हाला पाय लागला म्हणून केला."

शिपाई खोकला. ओनोदेरा उठून बसला आणि मोठ्याने हसला. मग हसू ओसरलं आणि तो मांडवकरच्या हाताकडे बघत राहिला.

"कोमिने, आला का तो?"

"हात हलला. धूसर आहे," कोमिने म्हणाला.

"पुन्हा घेऊ. पाय वर ठेवलेलाच असू दे आणि हात कपाळाला. सावकाश करायला लावू." ओनोदेराचा आवाज खाली आला, तो फक्त कोमिनेशी बोलत होता. "हा मिळाला तर जबाब नको. पायाखाली माणूस, कपाळाला हात. न्यायाधीशांशेजारी साधी माणसं बसवतात ना आता, ती रडतील हा फोटो बघून. आणि जिनिव्हालाही बोलायला जागा नाही. कोणी याच्या अंगाला बोट लावलेलं नाही."

मी ते मराठीत सांगितलं. शब्द न शब्द.

ओनोदेरा वळला. "ते तुमच्यासाठी नव्हतं."

"खोलीत बोललेलं सगळं सांगायचं असतं. तुमचाच नियम आहे."

"आमचा नाही," तो म्हणाला. "जिनिव्हाचा."

मांडवकरने सगळं ऐकून घेतलं होतं. तो टेपच्या रेघांच्या आत, पोती दाखवली होती तिथे, मांडी घालून खाली बसला. "म्हणजे मोजमाप नाय."

तो प्रश्न कोणाला होता ते स्पष्ट नव्हतं.

"सांगा त्यांना. पाय नाय उचलणार, हात नाय उचलणार. न्या खाली."

मी सांगितलं. ओनोदेराने उसासा सोडला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून कोटाच्या घडीवर ठेवलं.

"दोरी सोड," तो शिपायाला म्हणाला.

"साहेब, कोठडीबाहेर दोरी…"

"तातामीवर दोरी बांधून कोणी उभं राहतं का? थोडा ज्यूदो शिकवतो. उद्या परदेशी पाहुणे येतायत, म्हणतात परदेशी माणसांना आमची संस्कृती कोणी दाखवत नाही."

शिपायाने गाठ सोडली. दोरी गुंडाळून तो भिंतीला जाऊन उभा राहिला.

ओनोदेराने मांडवकरला उठवलं, एका हातात करड्या स्वेटशर्टची कॉलर, दुसऱ्यात बाही. तो वळला, कंबर खाली घातली आणि मांडवकर त्याच्या पाठीवरून उडाला. चटईवर पोतं टाकावं तसा आवाज झाला. ज्यूदो शिकणाऱ्यांना आधी पडायला शिकवतात, हनुवटी छातीला लावायला आणि हाताने जमीन झोडायला. मांडवकरला ते कोणी शिकवलं नव्हतं. त्याचं डोकं मागे आपटलं.

"विचारा, करशील का."

"करणार का, विचारतायत."

"नाय."

दुसऱ्यांदा त्याचा चेहरा खाली आला. नाकातून रक्त आलं. "आई गं," तो म्हणाला.

"काय म्हणाला?"

"आई."

"पडताना आम्हीही तेच म्हणतो," ओनोदेरा म्हणाला आणि त्याला पुन्हा कॉलरला धरून उभं केलं.

"हे थांबवा," मी म्हणाले. "मी खाली जाते."

"जा ना. कोणाला सांगणार? ठाणेप्रमुखांना? ते उद्याच्या बैठकीत आहेत." त्याला दम लागला नव्हता. "तुम्ही गेलात तर मी त्या धूसर फोटोवर भागवीन. आणि इथे काय झालं ते बघायला भारतीय कोणी नसेल. तुम्ही ठरवा. पण साक्षीदार म्हणून उभ्या राहू नका. तुम्ही इथे आवाज आहात, फक्त आवाज."

मी गेले नाही.

तिसऱ्यांदा ओनोदेरा त्याच्याबरोबर खाली आला, कोपर त्याच्या पोटावर घेऊन. मांडवकर कुशीवर वळला आणि ओकला. सकाळची भातपेज आणि पित्त. शिपाई फडकं घेऊन पुढे झाला. चटईला डाग पडू नये म्हणून त्याने घाईने पुसलं आणि पुन्हा भिंतीशी गेला. ओनोदेरा थांबून राहिला होता, पुसून होईपर्यंत. मग परत उचललं. परत टाकलं. मांडवकरचा एक दात ओठातून आरपार गेला होता. नाही म्हणताना त्याचा शब्द फुटत नव्हता, तो नुसती हवा सोडत होता, आणि मी ते 'नाही' म्हणून सांगत होते. कोमिने लेन्स पुसत होता. ती स्वच्छच होती.

मग मांडवकर हातापायांवर आला. हनुवटीवरून रक्ताची तार चटईपर्यंत लोंबत होती. तो बराच वेळ तसाच राहिला, श्वास गोळा करत.

"करतो," तो म्हणाला. "ताई, सांगा त्याला. करतो. पाय ठेवतो, नमस्कार करतो, काय पायजे ते काढू दे. फक्त थांबव म्हणावं."

ओनोदेराने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

"करणार नाही म्हणाले," मी सांगितलं.

मांडवकरने मान वर केली.

"एवढं लांब बोलला तो," ओनोदेरा म्हणाला.

"शिव्याही दिल्या. त्या सांगू?"

"सगळं सांगायचा नियम आहे ना?"

मी सांगितल्या. ओनोदेराच्या आईवरून एक आणि त्याच्या कानांवरून एक. जपानीत मी आयुष्यात दिलेल्या तेवढ्याच शिव्या. शिपायाने खाली पाहिलं. ओनोदेराचा चेहरा तोवर एखाद्या शिक्षकासारखा होता. तो बदलला.

यानंतरचं ज्यूदो नव्हतं. त्याने मांडवकरला केसांना धरून उभं केलं, गुडघा घातला, भिंतीवर आपटलं, खुंटीवरचे दोन सदरे खाली आले. मग पुन्हा मधोमध ओढत आणलं आणि पकड घेऊन थांबला. "शेवटचं विचारा."

"शेवटचं विचारतायत."

मांडवकरने तोंड उघडलं, आत नुसतं रक्त होतं. त्याने मान हलवली. खाली, वर, खाली. माझ्याकडे बघत हलवली.

"हो म्हणतोय," ओनोदेरा म्हणाला. पकड सैल झाली. "मान डोलावली त्याने. कोमिने, तयार राहा."

"तो नकार आहे," मी म्हणाले. "भारतीय माणसाची मान जपानी लोकांना नेहमी उलटी वाटते. तुम्ही ऐकलं असेल."

ओनोदेराने डोळे बारीक केले. "ऐकलंय," तो म्हणाला. "हो. ते ऐकलंय."

नमस्काराबद्दल मी खरं सांगितलं होतं ते त्याला पटलं नव्हतं. हे पटलं.

त्याने बाही मनगटाशी गुंडाळली, गुडघ्यात वाकला आणि मांडवकरला खांद्यावरून असा फेकला की स्वतःही त्याच्यावर सगळ्या वजनानिशी आला. हिरवी फांदी पिळून मोडावी तसा आवाज आला. मग मांडवकर ओरडला. ती किंकाळी चार मजले खाली ऐकू गेली असणार, पण कोणी वर आलं नाही.

"खांदा, साहेब," शिपाई म्हणाला. "खांदा गेला."

ओनोदेरा उठला. दोन बोटांनी त्याने मांडवकरच्या गळ्याखाली चाचपलं, सावकाश, सरावलेल्या माणसासारखं. कातडीखाली हाडाचं टोक वर आलं होतं. "कॉलरबोन," तो म्हणाला. "मलाही दोनदा झालंय हे. हात वर करायला सांगा."

"मांडवकर, हात वर करायला सांगतायत."

उजवा हात वर आला नाही. बोटं हलली, कोपर हललं नाही.

शिपायाने विचारलं, "डाव्याने चालेल?"

ओनोदेरा माझ्याकडे वळला. "तुमच्याकडे हे डाव्या हाताने करतात का?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

कोमिनेने लेन्सवर झाकण बसवलं आणि तिवईचे पाय मिटले. "मी खाली जातो," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. बूट घालताना त्याला नाडी बांधता येईना. ती तशीच सोडून तो गेला.

दुपारी डॉक्टर आला. कागदावर 'सरावाच्या हॉलमध्ये पाय घसरून पडला' असं लिहिलं गेलं. थोड्या वेळाने मांडवकरच्या वकील हाताकेयामाबाई भेटीला आल्या. त्यांनी काचेपलीकडे त्याचा चेहरा आणि गळ्यात बांधलेला हात पाहिला आणि मला बाहेर गाठून विचारलं. जे पाहिलं ते सगळं मी सांगितलं, क्रमाने. मी स्वतः जे बोलले ते सांगितलं नाही. हाताकेयामाबाई तडक सरकारी वकिलाकडे गेल्या. समितीची माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि ओठ शिवलेला, हात बांधलेला परदेशी स्वयंपाकी कोठडीत कोणालाच नको होता. धूसर फोटोचा विषय कोणी काढला नाही. अंधार पडायच्या आत मांडवकरला सोडलं.

दारात परदेशी नागरिक खात्याची माणसं गाडी घेऊन उभी होती. कोठडीत असतानाच त्याचा व्हिसा संपला होता. त्यांनी त्याला विमानात बसवून भारतात पाठवलं.

समिती ठाण्यात आली, चौकशीची खोली पाहिली, चहा घेतला. पुढे त्यांच्या अहवालात कॅमेरे बसवल्याबद्दल समाधान व्यक्त केलेलं मी वाचलं. जसपालला कोणी मारलं ते कळलं नाही. ओनोदेरा ठरल्या वेळी निवृत्त झाला. मला पोलिसांकडून पुन्हा फोन आला नाही. त्याचं कारण कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

बऱ्याच वर्षांनी आम्ही पुण्याला परतलो. एका हिवाळ्यात मी एकटीच गुहागरला गेले. मांडवकरने बाजाराच्या रस्त्यावर खानावळ टाकली होती. त्याने मला लगेच ओळखलं. गल्ल्यावर मुलीला बसवलं आणि मला मागच्या पडवीत नेलं.

"ह्याच त्या ताई?" त्याच्या बायकोने विचारलं.

"ह्याच."

तिने ताट आणलं. सुरमई, भात, सोलकढी. तो समोर पाटावर बसला. वरच्या फळीवरचा तांब्या त्याने डाव्या हाताने काढला. उजवा खांद्याच्या वर जात नव्हता.

"नान नाय बनवत इथे," तो हसत म्हणाला. "सहा वर्षं कोकणी माणसाकडून नान भाजून घेतले त्या जसपालने. गिऱ्हाईक म्हणायचं, अस्सल पंजाबी."

मीही हसले. जेवण चांगलं होतं, तसं म्हणाले. मुलगी पुढून काहीतरी विचारून गेली. बायको आत गेल्यावर तो म्हणाला, "ताई, एक विचारू?"

"विचारा."

"मी 'करतो' म्हटलं होतं. तुम्ही 'नाय' सांगितलंत."

मी घास खाली ठेवला. "तुम्हाला कळलं होतं?"

"सहा वर्षं त्यांच्या किचनात काढली. करणार आणि करणार नाय, एवढं जपानी कोणालाही येईल."

"मग तुम्ही स्वतःच का नाही बोललात?"

"तोंडात रक्त होतं. आणि बोलून काय? तुम्ही सांगाल तेच माझं, असा नियम. मान हलवली, तर ती पण फिरवलीत."

"तो फोटो निघाला असता तर तुम्ही आज इथे नसता."

"माहीत आहे. वकीलबाईंनी सांगितलं होतं सगळं. ते कळत नाय असं नाय." त्याने तांब्या माझ्याकडे सरकवला. "ओनोदेराचा मला राग येत नाय आता. पोलिस तो. रोज माझ्या नावाने लिहायचा, मी हे केलं, मी ते केलं. मी म्हणायचो, मी नाय. तेवढं तरी म्हणता यायचं. तुमच्यापुढे ते पण नाय आलं."

मी तांब्यातलं पाणी घेतलं.

"खांदा माझा होता, ताई. विचारायचं होतंत."

"तिथे कसं विचारणार होते मी?"

"मराठीत," तो म्हणाला. "त्यांना कुठे कळत होतं?"

पुढे कोणीतरी बिल मागत होतं. मुलीने आकडा सांगितला. मांडवकरने तिकडे पाहिलं नाही.

"आणि विचारलं असतं तर?" मी म्हणाले. "काय म्हणाला असतात?"

त्याला विचार करावा लागला नाही. "काढू दे फोटो, असंच म्हटलं असतं. मरत होतो मी. आज त्यांच्या तुरुंगात असतो."

"मग?"

"मग काय नाय," मांडवकर म्हणाला. "तरी विचारायचं होतंत."